आईबद्दल अभिनंदन

वुब्बोचं डोकं माझ्या हातून थोडक्यात वाचलं, आणि तिथूनच आमचं सुरू झालं.

चूक माझी नव्हती. मी आमच्या शेतात मुंडकी उडवायचं यंत्र चालवत होते. ट्यूलिपची मुंडकी. मे महिना नुकताच लागला होता, समुद्राकडून वारा सुटला होता आणि पार बांधापर्यंत लाल, पिवळे, जांभळे पट्टे पसरले होते... ते मी एका टोकाकडून हिरवे करत आणत होते. आम्ही फुलं विकत नाही, कंद विकतो. फूल म्हणजे कंदाच्या ताटात जेवायला बसलेला आगंतुक. ते पुरतं उमललं, आत रोगबीग नाही हे बघून झालं, की त्याला निरोप द्यायचा. लांबून आलेले पाहुणे रस्त्यावर गाड्या थांबवून हे बघतात, काही जण रडतात. मी त्यांना हात करते.

तर वाफ्याच्या टोकाशी, पात्यांच्या पुढ्यात, मला दोन बूट दिसले. बुटांच्या पुढे पँट होती. म्हणजे पुढे माणूसही असण्याची शक्यता होती. मी ब्रेक दाबला.

"जिवंत आहेस का रे?" मी वरून ओरडले.

"श्श!" पँट म्हणाली. "धक्का देऊ नकोस. पाकळी पडेल."

तो पालथा पडला होता. शेजारच्या वाफ्यातली मुंडकी मी आदल्या आठवड्यातच उडवली होती. त्यातलं एक फूल कसंबसं सुटलं होतं आणि आता पार उताराला लागलं होतं. हा त्याच्या नाकाशी कॅमेरा लावून श्वास रोखून पडला होता.

"ते फूल गेलंय," मी म्हणाले.

"जातंय," तो म्हणाला. "गेलेलं वेगळं आणि जाणारं वेगळं."

"तू काय फुलांचा पाद्री आहेस?"

"मी पाकिटं करतो." तो उठून बसला. हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत चिखल, वाऱ्यानं लाल झालेले कान, आणि नाकाच्या शेंड्यावर परागाचा काळा ठिपका. तो ठिपका मला पुसावासा वाटला. मी हात खिशात घातला. "कंदांच्या पाकिटांवर फुलाचा फोटो असतो ना... तो मी काढतो. ग्रोनिंगनला. वर्षभर नुसती तरणीताठी फुलं. सुट्टी मिळाली की मी ही असली काढतो."

"ही असली पाकिटावर छाप की."

"कोण घेईल?"

"आमची त्रैन मावशी घेईल. तिला सगळं सवलतीत लागतं."

तो हसला. मग शेताकडे बघत राहिला. "फुलदाणीत म्हातारं झालेलं ट्यूलिप सगळ्यांनी बघितलंय. पण शेतात, वाऱ्यात, स्वतःच्या पायांवर उभं राहून म्हातारं झालेलं? एकसुद्धा नाही. तुम्ही कुणाला म्हातारं होऊच देत नाही."

"पाकळी गळून पानाला चिकटली की पान सडतं," मी म्हणाले. "पानाचा रोग वाफ्याला, वाफ्याचा शेजाऱ्याला, आणि मग शेजारी आमच्याशी चर्चमध्ये बोलत नाही."

मी हे सगळं घराकडे पाठ करून बोलत होते. घराच्या मोठ्या खिडकीत आईचा पलंग होता.

तेवढ्यात पाऊस आला. आमच्याकडे पाऊस येतो म्हणजे वरून नाही, बाजूनं येतो. त्यानं पटकन स्वतःचा कोट काढला आणि... कॅमेऱ्याला घातला. स्वतः भिजत उभा राहिला.

"चल घरात," मी म्हणाले. "पण एक सांगून ठेवते. आज माझ्या आईचा वाढदिवस आहे."

त्याचा चेहरा पडला. "खुर्च्यांचं रिंगण?"

"पूर्ण."

"मावश्या?"

"सगळ्या."

आमच्याकडे वाढदिवसाला पाहुणे खुर्च्यांचं रिंगण करून बसतात, आणि वाढदिवस एकट्याचा नसतो. आईचा वाढदिवस असला की बाबांचं अभिनंदन, मुलीचं अभिनंदन, शेजारणीचंसुद्धा. ती, म्हणजे आफ्के, ज्याची ज्याची कुणी लागते त्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन म्हणायचं, 'आफ्केबद्दल अभिनंदन.' आणि समोरचा माणूस घरातला असला तर उलट म्हणायचं, 'तुझंही.' म्हणजे, ती तुझीही आहेच की.

वुब्बोनं बूट दारात काढले. मोज्याला भोक होतं, त्यातून अंगठा सगळ्यांना भेटला. तो निमूटपणे रिंगणाभोवती फिरला. बाबांचं अभिनंदन. त्रैन मावशीचं अभिनंदन. डुलक्या काढणाऱ्या काकांचं अभिनंदन. मग खिडकीतल्या उंच पलंगापाशी गेला.

"अभिनंदन, बाई."

"बाई नको म्हणूस, आफ्के म्हण," आई म्हणाली. "बाई म्हटलं की मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटतं."

शेवटी तो माझ्यापाशी आला, जसं काही मी त्याला आणलंच नव्हतं. हात गार होता, ओला होता, आणि परत जायची त्याला घाई नव्हती.

"आईबद्दल अभिनंदन..."

"हिस्के."

"हिस्के."

"थँक्यू," मी म्हणाले.

"'तुझंही' नाही म्हणाली," आई पलंगावरून म्हणाली.

"अगं आई, तो तुझा कोण लागतो?"

"अजून कुणी नाही. पण भिजलाय बघ किती." मग तिनं त्याच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. "काय काढतोस रे?"

"कोमेजणारी फुलं," वुब्बो म्हणाला, आणि मग त्याला पलंग दिसला. म्हणजे पलंग आधीच दिसला होता, आता समजला.

सगळ्यांनी एकदम कॉफी ढवळली. त्रैन मावशी बिनसाखरेची पिते, तीही ढवळत होती.

"मग माझाही काढ की," आई म्हणाली. "मी ऐन भरात आहे."

"आफ्के," बाबा म्हणाले, आणि कॉफी आणायला गेले. कॉफी टेबलावरच होती.

आईचा एक फोटो भिंतीवर लावलेला होता. बांधावरचा. दाट केस वाऱ्यावर, हसतेय, डोळे बारीक. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आई म्हणजे हा फोटो. पलंगावर जी होती तिची उशी मी सारखी करायचे, पांघरूण ओढायचे, पेल्यात पाणी भरायचे. तोंडाकडे बघायचे नाही. ते मला जमतच नव्हतं. हेल्डरच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "कंद काढायच्या दिवसांपर्यंत..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळून टाकलं होतं. माझ्याजवळ तेवढेच दिवस होते, जेमतेम दोन महिने, आणि ते मी उशीकडे बघत घालवत होते.

वुब्बोनं सुट्टी वाढवली. गावात कुणाकडे तरी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारची खोली घेतली, आणि रोज सकाळी अंगाला पिसं लावून हजर.

आणि माझ्या हातून एक अपघात घडला. पंपघरामागे, चराच्या काठाला, यंत्र वळवताना पातं जरा उचललं गेलं, आणि लाल-जांभळ्या वाफ्याचं शेवटचं टोक तसंच राहिलं.

"हे चुकून झालं?" वुब्बोनं विचारलं.

"यंत्र जुनं आहे."

"छान यंत्र आहे," तो म्हणाला. "डोळे पण छान आहेत यंत्राचे."

आम्ही रोज तिथं जायचो. मी आयुष्यभर ट्यूलिपमध्ये राहिले आणि तोवर मला ट्यूलिपबद्दल काडीचं ठाऊक नव्हतं. तरुणपणी पेल्यासारखी मिटून, आब राखून उभी असलेली ती फुलं उतरायला लागली की आधी लाज सोडतात. थाळीसारखी पसरतात, आतली काळी चांदणी उघडी पडते. मग कडेनं रंग उडतो आणि शिरा दिसायला लागतात, आजारी माणसाच्या मनगटावर दिसतात तशा. जांभळं फूल राखेच्या रंगाचं होतं, पण आत कुणी दिवा ठेवल्यासारखं. आणि एखादी पाकळी मागं वळते... जशी काही तिला कुणी हाक मारली.

"बघ," वुब्बो कुजबुजला, "ही आता कुणाला आवडावं म्हणून उभी नाहीये."

"म्हणजे त्रैन मावशी."

"तू एक मिनिट गप्प बसशील?"

"का?"

"कारण मला तुझ्याबद्दल काहीतरी चांगलं वाटायला लागलंय आणि तू मधे मधे बोलतेस."

मी गप्प बसले. मिनिट बरंच लांबलं.

एका सकाळी गेलो तर बाबा तिथं आधीच होते. चिखलात गुडघे टेकून बसले होते, शेजारी वाटाण्याच्या सुपाचं मोठं पातेलं. गळलेली एकेक पाकळी पानावरून अलगद उचलून पातेल्यात टाकत होते.

"बाबा?"

"पाकळी राहिली की पान सडतं," ते मान वर न करता म्हणाले.

"मग छाटून टाका ना."

"टाकतो की." त्यांनी आणखी एक पाकळी उचलली. "तुझ्या आईला खिडकीतून इथला लाल ठिपका दिसतो. म्हणाली, राहू दे." आणि पातेलं उचलून ते निघून गेले. रोज येत असणार. त्या पातेल्यातलं सूप मी गेले काही दिवस पीत होते, आणि त्याला फुलांचा वास का येतो हे मला आता कळलं.

वुब्बोनं बाबांचा फोटो काढला नव्हता. कॅमेरा गळ्यात असून. हे मी मनात नोंदवून ठेवलं.

पाऊस भुरभुरायला लागला. माझ्या गालावर थेंब होता, तो त्यानं अंगठ्यानं पुसला. पाऊस चालूच होता, म्हणून त्याला पुन्हा पुसावं लागलं. मग दुसराही गाल. शेवटी त्यानं पुसणं सोडून दिलं आणि... पावसावर तोच एक उपाय उरला होता. त्याच्या ओठांना चिखलाची आणि पुदिन्याच्या गोळीची चव होती. मी अजूनही पुदिना खाऊ शकत नाही; म्हणजे खाते, पण बसून.

आणि मग ती दुपार.

मी हेल्डरहून औषधं घेऊन आले. आतून हसण्याचा आवाज येत होता. दार उघडलं तर आई पलंगावर ताठ बसलेली, डोक्याला स्कार्फ नाही. डोक्यावर नुसती लव, पिल्लाच्या पाठीवर असते तशी, आणि खिडकीतला उजेड त्या लवेतून आरपार. समोर वुब्बो गुडघ्यांवर. आईनं माझ्याकडे मान वळवली, आणि तेवढ्यात कॅमेरा वाजला.

"बंद कर ते!"

"हिस्के, मीच त्याला..." आई म्हणाली.

"ती फूल नाहीये!" मी त्याच्यावर ओरडले.

"ठाऊक आहे मला," वुब्बो म्हणाला. "फूल इतकं बोलत नाही."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसले असते.

"तुला सगळं मरताना बघायची हौस आहे," मी म्हणाले. "माझी आई तुझ्या सुट्टीतली गंमत नाही. जा. जा, पाकिटं कर तुझी!"

तो पांढरा पडला. बूट घातले, नाडी बांधलीच नाही, सायकलवर बसला आणि गेला. आमच्याकडे निघून जाणाऱ्याला वारा नेहमी समोरून असतो, त्यामुळे ताडकन निघून जाणं कुणालाच जमत नाही. बांधाच्या रस्त्यावर तो बराच वेळ दिसतच राहिला.

"झालं?" आईनं विचारलं.

"स्कार्फ कुठाय तुझा?" मी उशी सारखी करायला लागले.

तिनं माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, पण धरण्यात होता. "उशी बरी आहे, हिस्के. उशीला काही झालेलं नाही. मला झालंय."

मी उशीकडेच बघत होते.

"बाबा पाकळ्या बघतात, तुझ्या मावश्या कॉफीत बघतात, तू उशी बघतेस. मी या खिडकीत बसलेय, रस्त्यावरून जाणारं प्रत्येक कुत्रं माझ्याकडे बघून जातं. घरातलं कुणी बघत नाही. त्या पोरानं बघितलं. म्हणाला, 'आफ्के, हनुवटी वर.' किती दिवसांनी कुणी मला हुकूम सोडला! नाहीतर सगळे आपले हळू बोलतात... मी झोपलेली मांजर असल्यासारखे."

"मला नाही बघवत, आई."

"ठाऊक आहे. तरी बघ. भिंतीवरची कुठं जात नाहीये. मी जातेय."

मग मी बघितलं.

गाल आत गेलेले होते. डोळे मोठे, फार मोठे झालेले. कानशिलावर निळी शीर, आणि ती शीर उडत होती... टप, टप. कातडी इतकी पातळ झाली होती की आतला माणूस बाहेर यायला अगदी दाराशी उभा होता. आणि ती आईच होती. फोटोतल्यापेक्षा जास्त. बांधावरच्या फोटोत वारा होता, केस होते, हसू होतं. इथं बाकी सगळं गळून नुसती आफ्के उरली होती.

"घाबरलीस?" तिनं विचारलं.

"हो."

"मी पण," आई म्हणाली. "त्याला फोन कर."

"करते."

केला नाही. रोज उद्यावर टाकत राहिले. आपण बरोबर असतो तेव्हा फोन करणं सोपं असतं. मी इतकी चूक होते की मला नंबर लावतानाच घाम फुटायचा. पण बघायचं मात्र सोडलं नाही. रोज आईसमोर खुर्ची टाकून बसायचे. ती म्हणायची, "अगं, पापणी तरी लवव." पंपघरामागचा लाल ठिपका विझला, पानं पिवळी पडली. आणि कंद काढायला घेतले त्या आठवड्यात, एका लख्ख सकाळी, माझ्या बघता बघता आई गेली. मी उशीकडे बघत नव्हते. तेवढं तरी जमलं.

आमच्याकडे मयतीची रांग वाढदिवसाच्या रिंगणासारखीच असते, फक्त सरळ. माणसं तीच, कॉफी तीच. केकवर मलई नसते, एवढाच फरक. आणि शब्द. तिथं 'आईबद्दल अभिनंदन', इथं 'आईबद्दल फार वाईट वाटलं.' आमच्या भाषेत हे दोन्ही शब्द सख्ख्या भावांसारखे आहेत, एकाच चालीचे, एकाच शेपटीचे. रांगेतला प्रत्येक माणूस जीव मुठीत धरून पुढं सरकत असतो... आपल्या तोंडून भलताच भाऊ बाहेर नाही ना पडणार?

रांगेच्या शेवटी वुब्बो होता. उसनी काळी पँट, घोट्याच्या बरीच वर. मोज्याला भोक नव्हतं. या प्रसंगासाठी त्यानं मोजे घेतले होते.

बाबांना तो बरोबर बोलला. त्रैन मावशीला बरोबर बोलला. मग माझा हात धरला. तोच गार हात, तीच नसलेली घाई. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"आईबद्दल अभिनंदन, हिस्के."

मावशीचा चमचा बशीत पडला. वुब्बोचा चेहरा आमच्या वाफ्यातल्या यच्चयावत रंगांतून फिरून आला. "म्हणजे... मला... अरे देवा..."

माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. मला वाटलं रडू आहे. हसू होतं. मी हसले, भर मयतीत, काळ्या कपड्यांत, खांदे हलेपर्यंत. मी थांबायची वाट बघत सगळे केककडे बघत होते.

तेव्हा बाबा बोलले. ते सहसा बोलत नाहीत, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "मिळाली होती की आपल्याला."

नंतर आम्ही पंपघरामागे गेलो. तिथं आता काही नव्हतं. कंद निघाले होते, माती उघडी होती. फक्त चराच्या काठाला दोन-चार वाळके दांडे.

"मी येणारच नव्हतो," वुब्बो म्हणाला. "तू हाकललं होतंस. पण तुझ्या बाबांनी फोन केला."

"बाबांनी? काय म्हणाले?"

"काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही म्हणाले. मग म्हणाले, 'गुरुवारी.' आणि ठेवला."

मी मातीकडे बघत म्हणाले, "मी तुला जे बोलले ना..."

"मी तुला विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "तुझ्या आईनं सांगितलं तरी. विचारायला हवं होतं." त्यानं कोटाच्या आतून कंदांचं एक चपटं पाकीट काढलं. वर एक लालभडक, कायमचं तरुण ट्यूलिप. "दुसरं काही न मुडपणारं सापडलं नाही. नको असेल तर नको बघूस."

मी पाकिटातून फोटो काढला.

डोक्यावर उजेडाची लव. कान जरा धूसर, कारण मान वळतेय. पण डोळे स्वच्छ. कॅमेऱ्याकडे नाहीत, दाराकडे आहेत. ओठ उघडलेत, कुणाचं तरी नाव यायच्या बेतात. सगळा चेहरा, ते आत गेलेले गाल, ती निळी शीर, सगळं कुणाला तरी बघून उजळलंय.

"तू दारात आलीस तेव्हाचा," वुब्बो म्हणाला.

मला बघितलं की आईचा चेहरा असा होतो, हे मला ठाऊकच नव्हतं. कसं असणार? मी कायम उशी बघत होते.

वारा आला. वाळके दांडे एकमेकांवर आपटले. मी फोटो पाकिटात ठेवला, पाकीट कोटात, आणि कोटाचं बटण लावलं. बटण लावायला जरा वेळ लागला.

"पुन्हा म्हण," मी म्हणाले.

"काय?"

"मघाचं."

"नको ना, हिस्के. आधीच मेलोय मी तिथं लाजेनं."

"वुब्बो."

त्यानं माझा हात हातात घेतला. आता दोन्ही हातांनी. आणि हळू, एकेक शब्द पानावरून उचलल्यासारखा, म्हणाला...

"आईबद्दल अभिनंदन, हिस्के."

आणि मग मला रडू आलं. आठवड्याभराचं, सगळ्या मोसमाचं. तो काही पुसायला गेला नाही. हात तसाच धरून उभा राहिला. पण आमच्याकडे अभिनंदनाला उत्तर द्यावंच लागतं. कितीही रडत असलात तरी.

"तुझंही," मी म्हणाले.